घोडा, चाप आणि परवाना

२०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना शस्त्रांविषयीच्या दोन परस्परविरुद्ध बातम्या ठळकपणे छापाव्या लागल्या. १ ऑगस्ट रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस येथे ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीला मिळवलेल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले, म्हणून साऱ्या राज्याने आनंद व्यक्त केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ही हत्या गोळीने झालेली नव्हती. परंतु तिच्यामागोमाग त्या जिल्ह्यात शस्त्रपरवाने कोणाकोणाला आणि कशासाठी दिले गेले, हवेत गोळ्या झाडून त्याची चित्रे समाजमाध्यमांवर कोण मिरवतो, याची जाहीर चर्चा सुरू झाली आणि अनेक परवाने रद्द करण्याची पाळी प्रशासनावर आली. पहिल्या बातमीतील शस्त्र अभिमानाचे होते, दुसऱ्या बातमीतील दहशतीचे.

बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गसारख्या गावातून या दोन बातम्यांकडे पाहिले म्हणजे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. सोलापूर-हैदराबाद मार्गावरील या गावात भुईकोट किल्ला आहे, बोरी नदीवरचा पाणीमहाल आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. तेथील एखाद्या विद्यार्थ्याला पिस्तुलाच्या नेमबाजीत नाव काढावेसे वाटले, तर त्याने कोणते पिस्तूल निवडावे? हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः तो जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि अखेरीस राज्याच्या क्रीडाखात्यात विचारला जाणारा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देताना पॅरिस व मस्साजोग या दोन्ही बातम्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात. खेळाडूचे शस्त्र आणि मिरवणाऱ्याचे शस्त्र यांतील फरक ओळखायचा कसा, हा आजचा खरा प्रश्न आहे. तो फरक अर्जदाराच्या शपथपत्रात शोधण्यापेक्षा पिस्तुलाच्या घडणीत शोधणे अधिक सोपे आणि अधिक विश्वसनीय आहे, ही गोष्ट मात्र अद्याप पुरेशी ध्यानी घेतली गेलेली नाही.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. मराठीत ‘घोडा’ आणि ‘चाप’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर सबंध पिस्तुलालाच घोडा म्हणतात, आणि गावाकडील बातम्यांत ‘गावठी कट्टा’ हा शब्द रूढ आहे. यंत्राच्या दृष्टीने पाहता चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग, आणि घोडा म्हणजे स्प्रिंगच्या बळावर पुढे झेपावून काडतुसावर आघात घडवून आणणारा भाग. जुन्या ठासणीच्या बंदुकीवर मागे ओढून चढवायचा घोडा स्पष्ट दिसत असे. आधुनिक पिस्तुलात तो कधी मागच्या बाजूस उघडा दिसतो, तर कधी आत झाकलेला असतो.

पिस्तुलांचे यावरून दोन वर्ग पडतात. एका वर्गात घोडा असतो. तो चढवलेला असताना एक छोटी पोलादी जिभली त्याच्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. चाप ओढला की जिभली खाचेतून निसटते, घोडा पुढे पडतो, त्याच्या आघाताने खीळ काडतुसाच्या बुडावर आदळते. दुसऱ्या वर्गात वेगळा घोडा नसतोच. खीळच स्प्रिंगच्या ताणाखाली मागे धरलेली असते आणि सुटताच सरळ पुढे जाते. १९८० नंतरच्या काळात जगभरातील पोलीस दलांनी हा दुसरा प्रकार मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. भाग कमी, वजन कमी, प्रत्येक गोळीला चापाचा जोर सारखा, हे त्याचे गुण पोलिसाच्या कामाला पुरेसे आहेत. परंतु त्यातील अनेक पिस्तुलांत चापाला दोन कामे करावी लागतात. अर्धवट ताणलेली स्प्रिंग पूर्ण ताणायची आणि मग ती सोडायची. त्यामुळे चापाची ओढ काहीशी लांब आणि लवचिक राहते.

लक्ष्य नेमबाजाला नेमकी हीच गोष्ट नको असते. घोडा आधीच पूर्ण चढलेला आहे आणि चापाला तो केवळ सोडायचा आहे, अशा रचनेत ओढ आखूड, सारखी आणि स्वच्छ ठेवता येते. खाच आणि जिभली यांचे पृष्ठभाग कारागिराला घासून-पुसून हवे तसे बसवता येतात. म्हणूनच २५ मीटरच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक नामांकित पिस्तुलांत घोडा असतो. तो बाहेरून दिसत नाही एवढेच. घोडा हलका असावा आणि त्याचा प्रवास थोडा असावा, अशीही काळजी घेतली जाते. जड घोडा आदळला तर गोळी नळीतून बाहेर पडण्याच्या आतच पिस्तूल किंचित हलते, आणि नेमबाजीत किंचित या शब्दाला फार मोठा अर्थ आहे.

एक मिलिमीटरची किंमत

हा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तुलात पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर २२० मिलिमीटरहून अधिक असता कामा नये. एवढ्या अंतरात माशी एक मिलिमीटरने जरी बाजूला सरकली, तरी २५ मीटरवरील लक्ष्यावर गोळी सुमारे अकरा सेंटिमीटर दूर जाते. संथ फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे अचूक मध्यावर धरलेला नेम त्या एका मिलिमीटरपायी दहावरून सहा गुणांवर येतो. माशी हलवणारे बळ बहुतांशी चाप ओढणाऱ्या बोटातूनच येते.

याच नियमांत चापाच्या ओढीची किमान मर्यादा १००० ग्रॅम ठरवली आहे. स्पर्धेपूर्वी पिस्तुलाची नळी वर करून चापाला तेवढे वजन टांगून पाहतात. घोडा सुटला तर पिस्तूल अपात्र ठरते. रिकाम्या मॅगझीनसह पिस्तुलाचे कमाल वजन १४०० ग्रॅम आहे. याचा अर्थ असा की, जे शस्त्र एका हातात, कोणत्याही आधाराविना स्थिर धरायचे, त्याच्या वजनाच्या जवळपास एवढ्याच बळाने त्याचा चाप ओढायचा असतो. स्वसंरक्षणासाठी बनवलेल्या अनेक पिस्तुलांत व रिव्हॉल्व्हरांत घोडा न चढवता चाप ओढला तर ही ओढ कित्येक पटींनी जड होते. कारण तेथे चापानेच घोडा चढवायचाही असतो आणि सोडायचाही. अंगठ्याने घोडा आधी चढवून ती हलकी करता येते. परंतु स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येते, सात सेकंद अदृश्य होते, आणि प्रत्येक दर्शनात एकच गोळी झाडायची असते. दर वेळी पकड मोडून अंगठा मागे नेणाऱ्याचा तेथे निभाव लागत नाही. प्रत्येक गोळीनंतर आपोआप घोडा चढवणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल तेथे आवश्यक ठरते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतही, बरोबरी सुटेपर्यंत चाललेल्या चुरशीनंतर, सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमार यांनी शीघ्र नेमबाजीत मिळवलेले रौप्यपदकही .२२ च्या पिस्तुलाचेच होते. विजय कुमार यांच्यामागे सैन्याची मध्य प्रदेशातील महू येथील प्रशिक्षणव्यवस्था उभी होती. नागरी जीवनातून, जिल्ह्याच्या गावातून पिस्तुलाच्या नेमबाजीत पुढे येणे किती कठीण आहे, हे अशी नावे मोजू लागले की ध्यानात येते.

घडणीची साक्ष

आता या पिस्तुलाचे बाह्यरूप पाहावे. नियमांनुसार ते ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच आणि ५० रुंद अशा पेटीत मावले पाहिजे, आणि नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब असू नये. पेटीच्या या मापांचा जवळजवळ पुरेपूर उपयोग केला जातो. मूठ लाकडाची, तळहाताच्या आकाराला बेतलेली. उजव्या हाताची मूठ डाव्या हाताला निरुपयोगी. तळहाताखाली टेकण्यासाठी रुंद फळी. मागची खाच स्क्रूंनी बारीक-बारीक सरकवता येणारी. काडतूस .२२ चे, धक्का कमीत कमी देणारे. असे पिस्तूल कमरेला लागत नाही, खिशात मावत नाही, लग्नाच्या वरातीत मिरवण्याइतके ते रुबाबदारही दिसत नाही. यंत्रशाळेतील एखाद्या मोजमापाच्या उपकरणासारखे ते दिसते.

ते निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. .२२ ची गोळी प्राण घेऊ शकते, आणि मोकळ्या रानात ती एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते. त्याला कुलूप, नोंदवही आणि देखरेख ही इतर कोणत्याही शस्त्राइतकीच हवी. मुद्दा एवढाच की, ज्याला पिस्तुलाचा धाक दाखवायचा आहे तो हे पिस्तूल मागणार नाही. आणि ज्याला २५ मीटरवर दहा गुण मिळवायचे आहेत तो आखूड नळीचे, न हलणाऱ्या माशीचे, जड चापाचे.३२ चे पिस्तूल मागणार नाही. खेळाच्या नावाखाली असे स्वसंरक्षणाचे शस्त्र कोणी मागितले, तर तेथेच अधिकाऱ्याने भुवई उंचावावी. भारतातील आयुध निर्माणींनी नागरिकांसाठी बनवलेली .३२ ची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले मुख्यतः स्वसंरक्षणाच्याच हेतूने घडवली गेली. परदेशात सरावासाठी सर्रास वापरली जाणारी ९ मिलिमीटरची पिस्तुले तर आपल्या देशात निषिद्ध नळीच्या वर्गात मोडतात आणि सामान्य नागरिकाला ती मिळतच नाहीत. तेव्हा परदेशी पुस्तके वा चित्रफिती पाहून ‘कोणते पिस्तूल चांगले’ याचा काथ्याकूट करणाऱ्या तरुणाने हे आधीच जाणलेले बरे.

निवड कोणाच्या हाती?

लक्ष्य पिस्तुलाची निवड ही खरे तर हाताची निवड आहे. तळहाताची रुंदी, बोटाची लांबी, मनगटाचा कोन, खांद्याची ताकद यांवर ती अवलंबून असते. ज्या देशांत नेमबाजी मंडळे गावोगाव आहेत, तेथे शिकाऊ नेमबाज मंडळाच्या मालकीची चार पिस्तुले काही महिने हाताळतो. कोणाचा तोल पुढे आहे, कोणाचा मागे, कोणत्या चापाची सूट बोटाला न कळता होते, हे अनुभवतो, आणि मग स्वतःच्या पैशाला हात घालतो.

नळदुर्गच्या विद्यार्थ्याला यांतले काहीच उपलब्ध नाही. वरळी आणि बालेवाडी ही राज्यातील नेमबाजीची जुनी, मान्यताप्राप्त ठिकाणे. त्यांपैकी पुण्याचे बालेवाडीचे क्रीडासंकुल नळदुर्गहून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. भारतीय नेमबाज स्पर्धांत जी पिस्तुले वापरतात ती प्रामुख्याने इटली, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथे घडलेली असतात. पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, मोरिनी ही त्यांतील काही परिचित नावे. त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. शस्त्रांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. ती सवलत मुख्यतः राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून ‘ख्यातनाम’ ठरलेल्या नेमबाजांना मिळते. म्हणजे चांगले पिस्तूल हवे तर आधी चांगले गुण हवेत, आणि चांगले गुण हवेत तर आधी चांगले पिस्तूल हवे. या चक्रातून पैसेवाल्याचा मुलगा कसाबसा निसटतो. शिक्षकाचा वा कारकुनाचा मुलगा त्यात अडकून पडतो. कुसाळे हे शिक्षकाच्या घरातील. परंतु शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्यांना लहान वयातच आपल्या पंखांखाली घेतले होते, ही गोष्ट त्यांच्या यशाचे कौतुक करताना विसरता कामा नये.

साधनांच्या बाबतीत आणखी एक धडा टोकियो येथे मिळाला. २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुण मिळवूनही त्यांची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच नेमबाजाने तीन वर्षांनी पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, हे सर्वश्रुत आहे. ऑलिंपिकच्या मैदानावर तज्ज्ञ कारागीर आणि सुटे भाग हाताशी असतानाही अशी वेळ येते. मग जेथे जवळचा जाणकार कारागीर शेकडो किलोमीटरांवर आहे, तेथे नाजूक विद्युत् चापाच्या महागड्या यंत्रापेक्षा साधा, यांत्रिक, घोड्याचा चाप असलेले टिकाऊ पिस्तूल अधिक शहाणपणाचे, हे वेगळे सांगावयास नको. संस्थेने पिस्तुले घ्यावयाची तर ती एकाच बनावटीची घ्यावीत, म्हणजे एकाचे मॅगझीन वा स्प्रिंग दुसऱ्यास चालते. लहान-मोठ्या हातांसाठी, डाव्या-उजव्या मुठी मात्र वेगवेगळ्या घ्याव्यात. गोळीविना कोरा सराव करण्याची सोय त्यात असावी, कारण.२२ च्या पिस्तुलाचा चाप काडतुसाविना वारंवार ओढला तर खीळ नळीच्या काठावर आदळून नुकसान होऊ शकते, आणि नवशिक्याची प्रगती तर मुख्यत्वे अशा कोऱ्या सरावातच असते.

भीती खोटी नव्हे

या मागणीच्या विरोधात जे म्हटले जाते, त्यात तथ्य नाही असे नाही. दुष्काळाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात, जेथे शाळांच्या छपरांची आणि पाण्याच्या योजनांची कामे रखडतात, तेथे पिस्तुलांचा खेळ कशाला, असा प्रश्न सुज्ञ माणसे विचारतात. त्याहून गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. मराठवाड्याला शस्त्राची भीती पुस्तकांतून शिकावी लागलेली नाही. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांचा काळ नळदुर्ग परिसराने सोसला आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग व बोरी नदीवरील पूल ताब्यात घेतला, तेव्हा निजामाच्या राज्यातील सशस्त्र दहशतीच्या शेवटास प्रारंभ झाला. ज्या समाजाच्या आठवणीत बंदूक म्हणजे जुलूम हे समीकरण आहे, त्याने परवान्यांविषयी सावध असणे स्वाभाविक आहे. आजही राजकीय वजन दाखवण्यासाठी कमरेला पिस्तूल लावण्याची हौस दिसते. संसदेने २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली आणि एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, ती या हौसेची दखल घेऊनच.

परंतु भीतीपोटी सर्वच अर्ज एका मापाने मोजले, तर त्याचा परिणाम उलटाच होतो. ज्याची ओळख वरपर्यंत आहे त्याचा अर्ज मार्गी लागतो; ज्याच्यापाशी केवळ गुणपत्रिका आहे त्याचा अर्ज धूळ खात पडतो. मस्साजोगनंतरच्या चर्चेतून जर काही शिकावयाचे असेल, तर ते हेच. परवाने सरसकट अडवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कोणता परवाना कशासाठी, हे उघड आणि तपासता येईल अशा निकषांवर ठरवले पाहिजे.

कायद्याने मोकळी सोडलेली जागा

१९५९ च्या शस्त्र कायद्याने असा भेद एका मर्यादेपर्यंत केलेला आहे. त्यातील तेराव्या कलमानुसार, मान्यताप्राप्त रायफल मंडळाच्या सदस्याने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल मागितली, तर परवाना देणे हेच सर्वसाधारण धोरण आहे. अन्य शस्त्रांच्या बाबतीत मात्र अर्जदारापाशी ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पिस्तूल या दुसऱ्या वर्गात पडते. त्या काळी कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडूची रायफल होती, खेळाडूचे पिस्तूल नव्हते. आणि त्यामुळे पिस्तुलाचा नेमबाज सहा दशकांहून अधिक काळ अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत मतावर विसंबून राहिला.

नंतरच्या काळात वरच्या पायऱ्यांवरील नेमबाजांना सवलती मिळाल्या. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बारा ते एकवीस वर्षांच्या कनिष्ठ नेमबाजांचा वर्ग मान्य केला. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने दोनहून अधिक प्रकारांत ख्यातनाम ठरलेल्या नेमबाजांना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा सातवरून बारापर्यंत वाढवली आणि कनिष्ठ व उमेदवार नेमबाजांना एकाऐवजी दोन शस्त्रांची मुभा दिली. या सवलती योग्यच आहेत. परंतु ज्याच्या जिल्ह्यात मैदानच नाही, ज्याला मंडळाचे सदस्यत्वच मिळू शकत नाही, त्याला दोन काय आणि बारा काय, दोन्ही आकडे सारखेच.

येथे आणखी एक गोष्ट विसरली जाते. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कायद्याने स्वतःचे शस्त्र बाळगता येत नाही. देखरेखीखाली प्रशिक्षणापुरता वापर करता येतो. म्हणजे महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत स्वतःच्या पिस्तुलाचा प्रश्न उद्‌भवतच नाही. त्यांना संस्थेचे पिस्तूल, संस्थेचे कुलूप आणि संस्थेचा शिक्षक हवा. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हाच मार्ग श्रेयस्कर. कारण शस्त्र घरी जातच नाही.

क्रम बदलावा लागेल

या दृष्टीने पाहता तीन गोष्टी क्रमाने करता येण्याजोग्या आहेत. पहिली, तालुक्याच्या पातळीवर १० मीटरची एअर पिस्तूल शाळा. ०.१७७ इंच नळीच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. त्यासाठी मोकळे रान लागत नाही. शाळेचे एखादे लांब सभागृह, मागे गोळी अडवणारी भक्कम भिंत आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. स्पर्धेतील एअर पिस्तुलाच्या चापाची ओढ किमान ५०० ग्रॅम असते, दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. पकड, श्वास, माशीवरील दृष्टी आणि बोटाचा संयम हे सारे येथेच शिकता येते. मनू भाकर यांची पॅरिसमधील दोन्ही पदके याच प्रकारातील आहेत, हे ज्यांना एअर पिस्तूल म्हणजे जत्रेतील फुगे फोडण्याचा खेळ वाटतो, त्यांनी ध्यानात ठेवावे. तुळजापूर तालुक्यात अशी एक शाळा नळदुर्गला उभी राहिली, तर आसपासच्या गावांतील मुलांना ती एसटीच्या टप्प्यात येईल.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याच्या ठिकाणी २५ मीटरचे एक मैदान. मागे मातीचा उंच बांध, दोन्ही बाजूंना भिंती, वर गोळी अडवणारी आडवी पडदी, आणि शस्त्रागार पोलिसांच्या देखरेखीखाली. पोलीस दलाच्या सरावाच्या जागा आठवड्यातून एखादा दिवस मान्यताप्राप्त मंडळाला देता येतील का, याचा विचार व्हावा. तेथे संस्थेच्या मालकीची चार-सहा .२२ ची घोड्याची लक्ष्य पिस्तुले असावीत. एअर पिस्तुलात ठरावीक गुण मिळवणाऱ्यालाच त्यांना हात लावता यावा. पदक मिळाल्यानंतर कोट्यवधींची पारितोषिके जाहीर करणाऱ्या शासनाला हा खर्च जड जाण्याचे कारण नाही. पदकानंतरचा पैसा एका घरात जातो. पदकाआधीचा पैसा शेकडो मुलांच्या हाती साधन देतो.

तिसरी गोष्ट शासकीय आहे आणि तिला पैसाही लागत नाही. पिस्तुलाच्या खेळासाठी परवाना मागणाऱ्याच्या बाबतीत ‘सबळ कारण’ कशाला म्हणावे, याची स्पष्ट कसोटी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी. मान्य मंडळाचे सदस्यत्व, एअर पिस्तुलातील नोंदलेले गुण, प्रशिक्षकाचा दाखला, आणि मागितलेले शस्त्र स्पर्धेच्या मापात बसते की नाही याची तपासणी, एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत. मापे जगजाहीर आहेत. तोळामाशाचा तराजू आणि एक पट्टी घेऊन कोणताही कारकून ती पडताळू शकतो. या चारही कसोट्यांना उतरणारा अर्ज ठरावीक मुदतीत मंजूर व्हावा, आणि न उतरणारा तितक्याच स्पष्ट कारणांनिशी नामंजूर व्हावा. मग त्यामागे शिफारस कोणाचीही असो.

अशी कसोटी आली तर प्रामाणिक नेमबाजाला ओळखीची गरज उरणार नाही आणि मिरवू पाहणाऱ्याला खेळाची ढाल मिळणार नाही. ज्या अधिकाऱ्याला आज दोन्हींच्या अर्जांवर एकाच साशंकतेने सही करावी लागते, त्याचेही ओझे हलके होईल. कोणते पिस्तूल चांगले, हे नळदुर्गच्या विद्यार्थ्याला सांगणे सोपे आहे. त्याच्या हाताला बसणारे, चापाची सूट स्वच्छ असणारे, बिघडले तर जवळपास दुरुस्त होणारे. परंतु ते हाती धरून पाहण्याची संधीच जोवर त्याला मिळत नाही, तोवर या सल्ल्याला काडीचीही किंमत नाही. ती संधी देणे अथवा नाकारणे राज्यकर्त्यांच्या हाती आहे, आणि २०२८ चे लॉस एंजेलिस फार दूर नाही.